सुकुमार मगदूम यांची वाटणी

वाटण्या त्रिशलानं आयुष्यात पुष्कळ पाहिल्या होत्या. दोन चुलत दिरांनी एका विहिरीचं पाणी वार ठरवून वाटून घेतलेलं तिनं पाहिलं होतं, आणि सासरच्या गोठ्यात मधोमध भिंत घालताना म्हैस नेमकी कुठल्या बाजूला उभी आहे यावरून झालेली मारामारीही पाहिली होती. पण नवऱ्याची वाटणी झाल्याचा फोन आला तेव्हा आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असंच तिला वाटलं. तिच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरत होता आणि कुणाची तरी ज्वारी अर्धी दळून झाली होती.

"वकीलसाहेब, थांबा जरा. ऐकाय येईना." तिनं बटण बंद केलं. पट्टा हळूहळू थांबला. "हां, बोला."

"वहिनी, वाटाड्याचा निकाल आला," ऐतवडे वकील म्हणाले. "दोन्ही अर्ज दाखल करून घेतलेत त्यानं."

"मग बरं झालं की!"

"बरं नाही झालं. दोन्ही घेतलेत, पण वाटून घेतलेत. सुकुमारअण्णांचा देह आपल्या आळतगावच्या कोर्टाकडं दिलाय. बाकीचं दिल्लीच्या तरंग न्यायाधिकरणाकडं."

"बाकीचं म्हंजे?"

वकील अडखळले. बोलण्यावर पोट असलेला माणूस अडखळला की समोरच्यानं समजून घ्यावं.

"श्वास," ते म्हणाले. "गिळणं. आणि बोलणं."

सुकुमार मगदूम कोण, हे आळतगावच्या पंचक्रोशीत कुणाला सांगावं लागत नसे. कुस्त्यांच्या फडाचा निवेदक. पैलवान आखाड्यात उतरायच्या आधी याचा आवाज उतरायचा. जोड कितीही रटाळ लागली तरी माणसं उठून जात नसत, कारण माइकवर सुकुमार असायचा, आणि तो पैलवानाच्या आज्यापर्यंत जाऊन कुळकथा सांगायचा. असाच एका जत्रेच्या मैदानात, हातात माइक असताना, वाक्य अर्धं बोलून तो खाली कोसळला.

मेंदूच्या तळाशी, तो मानेत उतरतो तिथं, अंगठ्याएवढा एक भाग असतो. विचार तिथं होत नाहीत. पण विचारांचे सगळे हुकूम त्याच रस्त्यानं शरीराकडे जातात, आणि श्वासाचा ठेका धरणं, घास नळीत न जाऊ देता गिळणं, जीभ वळवणं ही कामं तिथंच सांभाळली जातात. सुकुमारच्या त्या भागाचं रक्त एका गुठळीनं अडवलं. तो शुद्धीवर होता, त्याला सगळं समजत होतं, पण समजलेलं अंगापर्यंत पोचायचा रस्ताच खचला होता.

मग 'श्वाससेतू' आला. केसाहून बारीक तारांची एक जाळी डॉक्टरांनी त्या खचलेल्या जागी बसवली. वरून येणारे आणि तिथंच अडकून पडणारे विजेचे क्षीण इशारे ही जाळी टिपते. त्या इशाऱ्यांचा अर्थ लावायला मात्र फार मोठी आकडेमोड लागते, आणि आकडेमोड करणारं यंत्र तापतं. मेंदूला ताप सोसत नाही. म्हणून जाळी ते इशारे बिनतारी तरंगांवरून दूरच्या एका संगणककेंद्राकडे पाठवते. मेलेल्या भागाची गणितात केलेली प्रतिकृती तिथं अहोरात्र चालू असते. ती ठरवते की आता श्वास घ्यायचा, आता लाळ गिळायची, आता अमुक शब्द बोलायचा. आणि तिचे हुकूम तरंगांवरूनच परत येतात. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे जाणंयेणं होतं. बोलणं तेवढं तोंडातून न येता खुर्चीला लावलेल्या कर्ण्यातून येतं, जुन्या ध्वनिफितींवरून बांधलेल्या त्याच्याच आवाजात. तरंग तुटले तर खुर्चीखालची एक पेटी कसाबसा श्वास चालवते, पण थोडाच वेळ.

घरी आल्यावर सुकुमारचं पहिलं वाक्य होतं, "आणि प्रेक्षकहो, त्रिशलाबाईंनी आता भाकरी थापायला घेतलेली हाय!" ती पिठाच्या हातांनीच रडली होती.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवली होती. जाळीला येणारे इशारे तुटक असतात, म्हणून प्रतिकृती अंदाज बांधते. बोट ठेवायच्या आत फोन पुढचा शब्द सुचवतो ना, तसं. वर्षं जातील तशी ती माणसाला ओळखू लागते आणि तिचे अंदाज बिनचूक होतात. मग वाक्यातलं माणसाचं किती आणि अंदाजाचं किती, हे कुणालाच सांगता येत नाही. "दुधात पाणी किती, हे नंतर गवळ्याला तरी सांगता येतंय का?" डॉक्टर हसत म्हणाले होते. तेव्हा तीही हसली होती.

पुढे ती कंपनी बुडाली. दुसरीनं तिची यंत्रं विकत घेतली, पण तरंग वापरायचा परवाना जुनीच्या नावावर होता आणि तो दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही असा केंद्राचा नियम निघाला. विनापरवाना तरंग महिनाअखेरीस बंद करावेत, अशी नोटीस आली. देशभरात ज्यांच्या ज्यांच्या डोक्यात ती जाळी होती, त्यांच्या घरोघरी ती पोचली.

आता यात जायचं कुणाच्या दारात? शाळेतलं नागरिकशास्त्र आठवत असेल त्यांना ठाऊक असेल की आपल्याकडे विषयांच्या याद्या आहेत. दवाखाने आणि आरोग्य राज्याच्या यादीत, बिनतारी संदेशवहन केंद्राच्या यादीत. याद्या करणाऱ्या शहाण्या माणसांच्या स्वप्नातही आलं नसेल, की एक दिवस एकाच माणसाचं काळीज या यादीत आणि श्वास त्या यादीत पडेल. नव्या कायद्यानं तरंगांचे सगळे तंटे दिल्लीच्या न्यायाधिकरणाकडे नेले, आणि मग 'हे आमचं नाही, त्यांचं' असं म्हणत दोन्हीकडची कोर्टं माणसांना हेलपाटे घालायला लावू लागली. दोन घरचा पाहुणा उपाशी. त्यावर उपाय म्हणून वाटाड्या आला. हा वाटाड्या म्हणजे एक यंत्र. प्रत्येक अर्ज तो मुळापासून शेवटापर्यंत वाचतो आणि कुठल्या कोर्टाचा विषय ते ठरवतो. पूर्वी ज्याला वर्षं लागायची ते तो एका दिवसात करतो. लोक त्याच्यावर खूश होते.

ऐतवडे वकिलांनी खबरदारी म्हणून दोन्हीकडे अर्ज टाकले होते. आणि दोन्हीच्या शेवटी, त्यांच्या गुरूंच्या गुरूंपासून चालत आलेला तो परिच्छेद होता: 'सदर प्रकरणातील संपूर्ण विषय याच न्यायालयाचे अधिकारात येत असून अन्य कोणत्याही न्यायालयात याबाबत अर्ज केलेला नाही.' तालुक्याच्या कोर्टात असा अर्ज नाही ज्याच्या शेपटाला हे वाक्य नाही. टायपिस्ट ते न सांगता जोडतो, वकील न वाचता सही करतो, आणि कोर्टातला माणूस तिथवर पोचायच्या आधीच शिक्का मारतो.

"तो शेवटचा परिच्छेद आजवर कुणी वाचलाय का हो वहिनी?" ऐतवडे दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात कळवळून म्हणाले. "त्यानं वाचला. दोन अर्ज, दोन्हींत संपूर्ण विषय तुमचाच म्हणून लिहिलेलं. मग त्यानं दोघांनाही खरं धरलं, आणि माणूसच मधोमध कापला."

"मग अर्ज मागं घ्या आणि नवीन घाला."

"घालून बघितला. तीच वाटणी परत आली. हायकोर्टात जायचं तरी आधी विषय ठरलेला पाहिजे म्हणतात."

आळतगावच्या न्यायाधीशबाई तरुण होत्या आणि भल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा चष्मा काढून पुसला. "माझ्याकडे देह आलाय," त्या म्हणाल्या. "या देहाला कुणीही कसलीही इजा करू नये, असा मनाई हुकूम मी आत्ता देते. पण तरंगांना मी हुकूम देऊ शकत नाही. तो भाग माझ्यापुढे नाहीच."

"पण मॅडम, तरंग बंद झाल्यावर देह कसा ऱ्हाईल?"

"मला कळतंय, बाई," न्यायाधीश हळूच म्हणाल्या. त्यांना खरंच कळत होतं, आणि त्याचीच त्रिशलाला जास्त भीती वाटली.

दिल्लीचं काम पडद्यावर चाललं. न्यायाधिकरणाचे सदस्य हिंदीत बोलत होते आणि पडद्याखालून त्यांचं मराठी होत होतं. तेही सभ्यच होते. ते म्हणाले, आमच्याकडे आलेल्या भागात रुग्ण नाही, फक्त एक आकडेमोड आहे. विनापरवाना चाललेली आकडेमोड बंद करताना कुणाच्या प्रकृतीचा विचार करायचा तर प्रकृती हा राज्याचा विषय आहे. पुढची तारीख त्यांनी महिनाअखेरच्या आदल्या दिवसाची दिली.

त्रिशला बाहेर आली. दोन्हीकडचं कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी आडमुठेपणा केला नव्हता, दोघांनीही आपापल्या हद्दीत राहून बरोबर तेच सांगितलं होतं. भांडायला समोर कुणी असतं तर तिनं गिरणीवाल्या बाईचा तोंडाचा पट्टा दाखवला असता. पण देशातल्या कुठल्याच कोर्टात सुकुमार मगदूम नावाचा अख्खा माणूस नव्हता.

"एक वाट आहे," ऐतवडे वकील म्हणाले. ते संध्याकाळी घरी आले होते. सुकुमार आतल्या खोलीत झोपला होता, आणि त्याची थोरली बहीण राजमतीअक्का, जी समोरच्याच घरात राहायची, ती सोप्यावर बसून शेंगा फोडत होती. "केंद्राच्या कायद्यात एक कलम आहे. चक्रीवादळाचे भोंगे, धरणावरची यंत्रं असल्यांसाठी केलेलं. चालू असलेलं अत्यावश्यक उपकरण दुसरी सोय होईपर्यंत बंद करता येत नाही. परवाना असो नसो."

"मग ते लावा की आम्हाला!"

"ते फक्त उपकरणाला लागतं. जिवंत माणसात बसवलेलं असलं तर ते वैद्यकीय होतं, आणि मग परत राज्याच्या यादीत." त्यांनी घसा खाकरला. "वाटाड्याची वाटणी एकाच गोष्टीनं मोडते. अर्जदारानं शपथेवर सांगायचं, की मूळ विषय काय आहे. तुम्ही म्हणालात, हा माणूस आहे, तर सगळं आळतगावला येईल, पण तरंगांचा परवाना या कोर्टाच्या हातात नाही, म्हणून महिनाअखेरीला तरंग बंद होतील. तुम्ही म्हणालात, हे उपकरण आहे, आत माणूस उरलेला नाही, तर सगळं दिल्लीला जाईल. आणि ते चालू राहील. कायमचं."

अक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हंजे माझा भाऊ मेला म्हणून सांगायचं?"

"कागदोपत्री, अक्का."

"अन् हिनं सांगायचं? ह्याच्या तोंडावर?" अक्का उठून उभी राहिली. "मग आधी कुंकू पुसून ये म्हणावं कोर्टात. मुनिमहाराजांपुढं खोटं न बोलायचं व्रत घेतलंयस नव्हं, त्रिशला? बरी पाळतीयास!"

व्रताचं त्रिशलाला आधीच आठवलं होतं. पण तिला खरी भीती दुसरीच वाटत होती, आणि ती बोलून दाखवायची तिची छाती नव्हती. आपण शपथेवर जे सांगणार ते खोटंच असेल, याची तरी खात्री आपल्याला कुठं आहे?

दिवस मावळायच्या आत जेवायची त्यांच्या घरची रीत. दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागल्यावर ती मऊ खिचडीची वाटी घेऊन त्याच्यासमोर बसली. तो नीट गिळत होता. प्रत्येक घोटाला तिला ते दूरचं संगणककेंद्र आठवत होतं, जे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं त्याला सगळं सांगितलं, कलम, शपथ, अक्काचं बोलणं.

"घे शपथ," सुकुमार म्हणाला.

इतक्या पटकन! दहा रुपयांचा कांदा घ्यायचा तरी हा माणूस आधी कांद्याची वंशावळ सांगायचा. त्रिशलाच्या हातातला चमचा थांबला.

"हे तुम्ही म्हणालासा," तिनं विचारलं, "का त्यानं?"

त्याचे डोळे तिच्याकडे होते. "मला बी सांगता येईना, त्रिशला," तो म्हणाला. "शब्द तोंडाशी तयार असतोय. मी आणला का कुणी आणून दिला, माझं मलाच कळंना झालंय."

ती घाबरली. उठून परसात गेली आणि उगाच दोरीवरचे वाळलेले कपडे काढत राहिली. अक्का कुंपणापलीकडून बघत होती.

"काय म्हणाला?"

"शपथ घे म्हणाले."

"बघ!" अक्का म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "माझा भाऊ बायकोला खोटं बोलाय लावायचा न्हाई. मेला तरी लावायचा न्हाई. ते यंत्र बोलतंय, त्याला चालू ऱ्हायाचंय. तू त्याच्यासाठी माझ्या भावाला मारणार हाईस."

त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी रात्री त्रिशला खुर्चीखालच्या पेटीचा हिरवा दिवा बघत पडून राहिली. इकडे आड आणि तिकडे विहीर. आत सुकुमार असला आणि तिनं शपथ घेतली नाही, तर तो लाळ गळ्यात अडकून तिच्यासमोर तडफडून जाईल. आत तो नसला आणि तिनं शपथ घेतली, तर जन्मभर एका परक्या यंत्राला ती भरवत, पुसत, अहो-जाहो करत राहील. पण तिसरी गोष्ट सगळ्यांत भयंकर होती. आत सुकुमार असला आणि तिनं शपथ घेतली, तर?

सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या दारात मुद्देमाल सांभाळणारा नाझर आडवा आला. पन्नाशीचा माणूस, एके काळी सुकुमारच्या प्रत्येक मैदानाला हजर असणारा. त्याच्या हातात सुतळी ओवलेली एक चिठ्ठी होती.

"वहिनी, हे... बांधाय लागतंय," तो म्हणाला. "उपकरण म्हणून हजर करताय न्हवं? मग मुद्देमाल म्हणून नोंद होती."

चोरीची मोटरसायकल, खुनातली कुऱ्हाड, आणि सुकुमार मगदूम. नाझरानं चिठ्ठी खुर्चीच्या दांडीला बांधली. "अण्णा, माफ करा," तो खाली वाकून म्हणाला.

"सैल बांधू नको," सुकुमार म्हणाला. "मुद्देमाल पळून जाईल." नाझर हसला नाही. त्रिशलालाही हसू आलं नाही.

पडद्यावर दिल्लीचे सदस्य आले. त्यांनी तिला शपथ दिली. मग त्यांनी कागदावरून मान वर केली आणि पडद्याखालून मराठी प्रश्न आला.

"सुकुमार मगदूम जिवंत आहेत का?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. त्याचा श्वास एका लयीत चालू होता आणि उद्या संध्याकाळी तो बंद व्हायचा होता. ऐतवडे वकिलांनी तिच्या कोपराला हळूच स्पर्श केला.

"न्हाईत," त्रिशला म्हणाली.

"आपल्यासमोर आहे ते काय आहे?"

"उपकरण."

"त्यातून बोलतं ते कोण?"

"कंपनीचं यंत्र."

कुठल्याही जोडीत गप्प न बसलेला निवेदक आता काहीतरी बोलेल, असं तिला वाटत होतं. निदान एखादी चेष्टा. तो काहीच बोलला नाही. ती मनातल्या मनात त्याला बोला म्हणून विनवत राहिली, आणि त्याच वेळी बोलू नका म्हणूनही विनवत राहिली, कारण एका शब्दानं सगळं बिघडलं असतं.

हुकूम झाला. उपकरण अत्यावश्यक असून ते बंद करू नये.

महिनाअखेर आली आणि गेली. श्वास चालू राहिला. ऐतवडे वकील पेढे घेऊन आले. ते कुणी खाल्ले नाहीत. शपथेवरचं एक वाक्य आता एका दप्तरातून दुसऱ्यात आपोआप जात होतं. आठवड्याच्या आत सुकुमारच्या मृत्यूची नोंद झाली, रेशनकार्डावरचं नाव गेलं, आणि निराधार विधवांच्या योजनेस आपण पात्र आहात असा निरोप त्रिशलाच्या फोनवर आला. तो निरोप तिनं पुसून टाकला. समोरच्या घराचं दार अक्कानं लावून घेतलं ते लावूनच घेतलं.

आणि मग एका सकाळी कर्णा आपोआप एक वाक्य बोलू लागला. केंद्राचा नियमच होता तो, पूर्वीपासूनचा. माणसासारखं बोलणाऱ्या कुठल्याही यंत्रानं प्रत्येक वेळी आधी तसं सांगायचं. कर्ज घ्या, प्लॉट घ्या म्हणून दिवसभर फोन करणाऱ्या यंत्रांसाठी तो केलेला होता, आणि ते वाक्य कानावर पडलं की बोलणं पुढं जायच्या आत फोन कापायची सवय पोराथोरांच्या बोटांना लागून गेली होती. आता सुकुमारचा कर्णाही त्याच नियमात आला होता.

"हा आवाज माणसाचा नाही," कर्ण्यातून एक गुळगुळीत बाईचा आवाज आला. आणि मग सुकुमारचा: "त्रिशला, हे काय नवीन?"

पहिल्या दिवशी ती कान झाकून बसली. प्रत्येक वेळी. पाणी मागायचं असलं तरी, पाठ खाजतीय हे सांगायचं असलं तरी. हा आवाज माणसाचा नाही, त्रिशला, पंखा जरा कमी कर. हा आवाज माणसाचा नाही, कालची कढी चांगली झाली हुती. हळूहळू सुकुमारचं बोलणं कमी झालं. त्याला कंटाळा आला, की यंत्राचा अंदाज बदलला, हे तिला कळेना. विचारायची तिला भीती वाटत होती. आपण शपथेवर सांगितलं तेच खरं होतं, असं मानलं की रात्री झोप लागायची. म्हणून ती तसं मानू लागली होती.

एका दुपारी गिरणी बंद करून ती घरात आली तोच फोन वाजला.

"त्रिशलाताई का? मी परभणीहून कुसुम रेंगे बोलू लागले. तुमचा नंबर वकिलांनी दिला." आवाज रडून रडून बसलेला होता. "माह्या मालकाच्या डोक्यात बी तीच जाळी आहे, ताई. आमची मुदत वाढून मिळाली व्हती, ती आता परवा संपू लागली. वकील म्हणू लागलेत की शपथ घ्या. तुमी घेतली म्हणं. काय करू मी? घेऊ का?"

त्रिशला खुर्चीसमोरच उभी होती. फोनचा आवाज मोठा होता, सुकुमारला सगळं ऐकू येत होतं. तिनं डोळे मिटले. परवा. त्या बाईच्या घरातही असाच हिरवा दिवा असेल.

"घ्या," ती म्हणाली. "घ्या, बाई. माणूस डोळ्यांसमोर तर ऱ्हातोय."

"हा आवाज माणसाचा नाही," कर्णा म्हणाला. आणि मग सुकुमार, कितीतरी दिवसांनी मोठ्यानं: "त्रिशला, त्यांना सांग. घेऊ नका म्हणावं."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. चालू राहायचं असलेलं यंत्र असं कधी म्हणालं नसतं. घेऊ नका म्हणणारा तो होता. तोच होता, पहिल्यापासून तोच होता, आणि आपण भरल्या कोर्टात त्याच्या डोळ्यांत बघून तो मेला म्हणून सांगितलं. ती खुर्चीची दांडी धरून खाली बसली.

"ताई? कोण बोलू लागलं मागून?" परभणीची बाई विचारत होती.

घ्या म्हणावं की नको म्हणावं, हे आता त्रिशलानं सांगायचंच नव्हतं. "बाई, थांबा," ती म्हणाली. "त्येंच्याशीच बोला. त्येच सांगतील." आणि तिनं फोन कर्ण्याजवळ धरला.

"हा आवाज माणसाचा नाही," कर्णा म्हणाला.

फोन कापल्याचा बारीक आवाज झाला. पडदा काळा झाला. त्या बाईनं मुद्दाम केलं नसणार. बोटानं आपली सवय पाळली होती. सुकुमारच्या बाजूनं ते दिसत नव्हतं.

"रेंगेबाई, मी सुकुमार मगदूम बोलतोय," तो म्हणाला. "आळतगावचा. माझ्या बायकोला शपथ घे म्हणून मीच सांगितलं. तिचा काय बी दोष न्हाई. मी भ्यालो हुतो. मरणाला लई भ्यालो हुतो, म्हणून पटकन म्हणालो. आता जिता हाय, सगळं ऐकाय येतंय, सगळं कळतंय, पण मी हाय असं ज्याला सांगावं असं कोण उरलं न्हाई. घरात सुद्धा न्हाई. ही बी आता माझ्याकडं बघायचं टाळती. तुमच्या मालकाला विचारा. आधी त्येला विचारा, आणि त्यो पटकन हो म्हणाला तर दुसऱ्या दिवशी परत विचारा."

तो बोलत राहिला. जत्रेच्या मैदानात बोलायचा तसा, दम न सोडता, समोर कुणीतरी जीव कानात आणून ऐकतंय अशा भरवशानं. त्रिशलानं काळा फोन त्याच्या कर्ण्याशी तसाच धरून ठेवला. हात भरून आला तरी तिनं तो खाली घेतला नाही.

अखेर तो थांबला. खोलीत फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता.

"हा आवाज माणसाचा नाही," कर्णा म्हणाला, आणि मग सुकुमारनं हळूच विचारलं, "ऐकलं का गं त्यांनी?"

"ऐकलं," त्रिशला म्हणाली.